कृत्रिम अस्थिबंध : बळकट, तरीही अपुरा

कबड्डीत चढाई करणारा खेळाडू धावता धावता एकदम वळतो. पाऊल जमिनीवर रोवलेलेच राहते, गुडघा मात्र पिळला जातो आणि खेळाडू खाली कोसळतो. अशा वेळी पुष्कळदा गुडघ्यातील एक अस्थिबंध तुटलेला असतो.

अस्थिबंध म्हणजे हाडाला हाड बांधणारी चिवट तंतूंची पट्टी. मांडीचे हाड व नडगीचे हाड यांच्यामध्ये असे दोन अस्थिबंध फुलीसारखे एकमेकांना छेदून जातात. त्यांपैकी पुढचा अस्थिबंध नडगीचे हाड पुढे घसरू देत नाही. तरुण माणसाचा हा अस्थिबंध तोडण्यास सरासरी २,१६० न्यूटन, म्हणजे सुमारे २२० किलोग्रॅम वजनाइतके बल लागते, असे १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजमापांत आढळले.

तुटलेला हा अस्थिबंध सहसा आपोआप सांधत नाही. मग त्याच्या जागी एखादा बळकट दोर बसवला तर? १९७० नंतरच्या दशकात कार्बनच्या तंतूंचे दोर वापरून पाहण्यात आले. पुढे टेफ्लॉनच्या जातीच्या पदार्थाचा गोअर-टेक्स दोर आला. १९८६ मध्ये अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. त्याचे बळ नैसर्गिक अस्थिबंधाच्या दुपटीहून अधिक होते! तरीही काही वर्षांतच अनेकांच्या गुडघ्यांत तो सैल पडला किंवा तुटला, गुडघे सुजले, आणि १९९३ मध्ये तो बाजारातून काढून घ्यावा लागला.

असे का बरे झाले? एक हिशेब करू. तुम्ही रोज ५,००० पावले चालता असे समजा. म्हणजे एका गुडघ्याच्या वाट्याला २,५०० पावले आली. वर्षाला ती ९,१२,५०० होतात आणि दहा वर्षांत नव्वद लाखांहून अधिक! प्रत्येक पावलाला दोर थोडा ताणला जातो, थोडा वाकतो. एक बारीक तार घेऊन ती एकाच जागी पुन्हा पुन्हा वाकवून पाहा. एका झटक्यात न तुटणारी तार काही वेळाने सहज तुटते. यालाच पदार्थाचा थकवा म्हणतात.

शिवाय हाडात पाडलेल्या छिद्राच्या कडेवर दोर घासतो. विहिरीच्या काठावर घासणारा दोर जसा विरतो, तसाच हाही विरतो. त्याचे सूक्ष्म कण सांध्यात पसरतात व सूज आणतात.

नैसर्गिक अस्थिबंधाचे तंतू सैल स्थितीत नागमोडी असतात. ताण येऊ लागला की आधी ही नागमोड सरळ होते आणि मगच अस्थिबंध ताठर होतो. त्यामुळे धक्का हळूहळू झेलला जातो. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्यात जिवंत पेशी असतात. त्या बारीकसारीक झीज भरून काढतात. निर्जीव दोराला हे कोठून जमणार?

म्हणून आज बहुधा रुग्णाच्याच शरीरातील स्नायुबंधाचा तुकडा काढून बसवतात. पॉलिएस्टरचे दोर अजूनही काही ठिकाणी वापरले जातात, पण ती नेहमीची पद्धत नव्हे. बसवलेला तुकडा प्रथम दुबळा होतो. मग त्यात रक्तवाहिन्या व पेशी शिरतात आणि तो सावकाश बळकट होत जातो. म्हणूनच गुडघा दुखेनासा झाला तरी खेळाडूने घाईने मैदानावर उतरू नये. आतील काम पुरे व्हायला कित्येक महिने लागतात.