ट्रान्झिस्टर आला, तरी व्हॉल्व्ह का टिकले?

प्रश्न : माळ्यावर आजोबांचा बॅटरीवरचा रेडिओ सापडला. आत बोटाएवढे चार काचेचे व्हॉल्व्ह : डीके ९६, डीएफ ९६, डीएएफ ९६, डीएल ९६. घरचे म्हणतात, साठ सालच्या आसपास घेतला. ट्रान्झिस्टरचा शोध तर १९४७ चा! मग हे कशाला? आणि आता वाजेल का?
– एक वाचक, करडी (जि. भंडारा)

उत्तर : शोध १९४७ च्या डिसेंबरातला खरा, पण ट्रान्झिस्टरचा पहिला खिशात मावणारा रेडिओ, रिजन्सी टीआर-१, अमेरिकेच्या बाजारात यायला १९५४ उजाडलं. त्यावर लागायचं फक्त मीडियम वेव्ह. मेख तिथंच आहे. सुरुवातीचे जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर शॉर्टवेव्हला टिकाव धरत नसत. ते जमू लागलं पन्नासच्या दशकाच्या शेवटी. आणि आपल्याकडे तर शॉर्टवेव्हच हवं होतं! १९५२ मध्ये नभोवाणीमंत्री झालेल्या बा. वि. केसकरांनी आकाशवाणीवरच्या चित्रपटगीतांना कात्री लावली आणि सगळा देश ती गाणी शॉर्टवेव्हवर ऐकवणाऱ्या रेडिओ सिलोनकडे वळला. अशी गाणी लावणारी आकाशवाणीची विविध भारती आली ती १९५७ मध्ये.

दुसरं कारण बॅटरीचं. सात पायांचे, जेमतेम १९ मिलिमीटर जाडीचे हे व्हॉल्व्ह १९३९ च्या सुमारास अमेरिकेत आरसीए कंपनीने हातात नेता येतील अशा रेडिओंसाठी काढले. त्यांतल्या बहुतेकांच्या आतल्या तापणाऱ्या तारेला (फिलामेंटला) ५० मिलिअँपिअर लागत. तुमच्या '९६' मालिकेत ते निम्म्यावर, २५ वर आणले. (डीएल ९६ ला मात्र १.४ व्होल्टवर ५० च लागतात, कारण स्पीकर वाजवायचं काम त्याच्याकडे.) चौघांच्या तारा मिळून पाव वॅटसुद्धा खात नाहीत. विजेवरच्या सेटमधला एकटा ईएल ८४ नुसता तापायलाच पावणेपाच वॅट घेतो. वीज न पोचलेल्या गावात हा फरक थेट खिशाला जाणवायचा.

वाजेल का? आधी काचेच्या आतला चंदेरी डाग पाहा. तो दुधासारखा पांढरा झाला असेल, तर हवा शिरलीय; तो व्हॉल्व्ह गेला. डाग शाबूत असेल, तर व्हॉल्व्ह काढून पहिल्या आणि सातव्या पायात डिजिटल मल्टिमीटरने तार सलग आहे का बघा. या सेटला लागणारी ९० व्होल्टची जुनी बॅटरी आता मिळत नाही. नऊ व्होल्टच्या दहा एकामागे एक जोडून काम भागतं. पण त्याआधी जुने कपॅसिटर जाणकाराकडून बदलून घ्या. आणि ते ९० व्होल्ट चुकून तारेच्या बाजूला लागले, तर चारही व्हॉल्व्ह एका क्षणात जातील.