शेळ्यांमधील सांसर्गिक गर्भपात : जंतू लपतात कोठे?

उस्मानाबादी शेळी ही धाराशिव जिल्ह्यातील कोरडवाहू शेतकऱ्याची खरी शिल्लक होय. काळी, काटक, बांधावरच्या बाभळीवर निभावणारी आणि पुष्कळदा जुळी करडे देणारी ही जात शेजारच्या लातूर व सोलापूर जिल्ह्यांतही पाळली जाते. अशी शेळी गाभडली म्हणजे करडे जातात आणि वेताचे दूधही बुडते. दृष्ट लागली, पोटात शिंग बसले, चारा बाधला, असे म्हणून घरची माणसे गप्प राहतात. शिंग किंवा चारा हे कारण कधी खरेही असते. परंतु कळपातील दोन-तीन शेळ्या शेवटच्या दोन महिन्यांत लागोपाठ गाभडल्या, तर ब्रुसेला जंतूंमुळे होणाऱ्या सांसर्गिक गर्भपाताची शंका घेतलीच पाहिजे.

घटसर्पाने जनावर एक-दोन दिवसांत आडवे होते, म्हणून त्याची भीती सर्वांना आहे. ब्रुसेलाची रीत निराळी. गाभडलेली शेळी चरते, रवंथ करते, पुढच्या वेळी कित्येकदा सुखरूप वितेही. तथापि तिच्या दुधातून व विताना होणाऱ्या स्रावातून जंतू बाहेर पडत राहतात. असे का व्हावे, हे जंतूच्या वागण्यावरून कळते.

शरीरात शिरलेल्या जंतूला गिळून पचविण्याचे काम काही पेशी करतात. त्यांस भक्षकपेशी म्हणतात. जंतू गिळला की तो एका लहान पिशवीत बंद होतो, पाचक रसाची दुसरी पिशवी तिला येऊन मिळते आणि जंतू विरघळतो. ब्रुसेलाचे बहुतेक जंतू अशा रीतीने मरतात. पण थोडे वाचतात, आणि खोडी त्या थोड्यांचीच आहे. पिशवीतील आंबटपणा वाढला की ते जणू त्या इशाऱ्यानेच आपल्या अंगावरील सूक्ष्म नळीवाटे काही प्रथिने पेशीत सोडतात. त्यामुळे पाचक रसाशी होणारे मीलन पुरे होत नाही आणि पिशवी पेशीच्या प्रथिने घडविणाऱ्या भागाकडे वळते. तेथे जंतू निर्धास्तपणे वाढतात. बाधा झालेली पेशी स्वतः मरून जंतूंचा आसरा मोडू शकते. ब्रुसेला तेही लांबवितो. चोराने राखणदाराच्याच झोपडीत मुक्काम ठोकावा, तसा हा प्रकार आहे. शिवाय त्याचे बाह्य आवरण असे असते, की शरीराला धोक्याची चाहूल उशिरा लागते. रक्तात प्रतिपिंडे तयार होतात, पण पेशीच्या आत दडलेल्या जंतूपर्यंत ती पोहोचत नाहीत. चाचणीत रोग कळतो तो मात्र त्या प्रतिपिंडांमुळेच.

गाभण शेळीच्या वारेत एरिथ्रिटॉल नावाची एक शर्करा असते. ती या जंतूंना मानवते. म्हणून ते वारेत अमाप वाढतात, वार सडते आणि गर्भ पडतो. पडलेला गर्भ, वार व स्राव यांत जंतूंचा सर्वांत मोठा साठा असतो, आणि नेमकी हीच वार उघड्या हाताने ओढली जाते, गर्भ कुत्र्यांपुढे टाकला जातो. हे काम बहुधा घरातील स्त्रिया करतात, हे ग्रामसेवकांनी विसरू नये.

माणसाला याची बाधा कशी होते, हे माल्टा बेटावर उलगडले. तेथील सैनिकांच्या तापाचा जंतू डेव्हिड ब्रूस यांनी १८८७ मध्ये शोधला. पण तो येतो कोठून, हे १९०५ मध्ये थेमिस्टोक्लीस झामिट यांनी दाखविले. धडधाकट दिसणाऱ्या शेळ्यांच्याच रक्तात तो सापडला. १९०६ मध्ये सैनिकांना शेळीचे दूध देणे बंद झाले आणि ताप झपाट्याने ओसरला. चढउतार होणारा ताप, रात्रीचा घाम, सांधे व कंबर दुखणे ही माणसातील लक्षणे होत. जंतू पेशीत दडलेले असल्याने दोन औषधे मिळून निदान सहा आठवडे घ्यावी लागतात. चार दिवसांत ताप उतरला म्हणून ती सोडली, तर तो उलटतो. शेळ्या पाळणाऱ्याने डॉक्टरांना आपला व्यवसाय आवर्जून सांगावा. कच्चे दूध औषधी म्हणून लहान मुलांना पाजण्याची चाल आहे. दूध उकळल्याने जंतू मरतात, तेव्हा ते उकळूनच द्यावे.

गाभडलेली शेळी ताबडतोब वेगळी बांधावी. हातमोजे नसल्यास जाड प्लास्टिकच्या पिशव्या हातांत घालून गर्भ व वार उचलावी, खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावी आणि जागा फिनेलने धुवावी. तत्पूर्वी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळविल्यास नमुने घेता येतात. इतर रोगांनीही गर्भ पडतो, म्हणून रक्ताची तपासणी झाल्याशिवाय निर्णय करू नये. २०१९ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात चार ते आठ महिन्यांच्या कालवडी व वगारींना एकदा लस दिली जाते. शेळ्यांचा त्यात समावेश नाही. त्यामुळे शेळ्यांच्या कळपात तपासणी व स्वच्छता यांवरच भिस्त ठेवावी लागते.

बाधित ठरलेली शेळी आठवडी बाजारात नेण्याचा मोह समजण्यासारखा आहे; दिसायला ती निरोगी असते आणि घरात पैशाची निकड असते. पण घेणारा तिला आपल्या गाभण शेळ्यांत सोडतो, आणि तिचे दूध त्याची मुले पितात. अशी शेळी कळपातून कशी काढावी, हे पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांच्या सल्ल्यानेच ठरवावे. नवी शेळी वा बोकड आणल्यास रक्ताचा निकाल येईपर्यंत त्याचा दावा, गव्हाण व पाण्याचे भांडे निराळे ठेवावे.