साबणाचा रंग : कच्चा आणि पक्का

हळदीचा रंग पिवळा, असे आपण लहानपणापासून म्हणत आलो. परंतु हळदीचा हात साबणाने धुऊ लागलो की तो क्षणात तांबडा होतो, हे प्रत्येक लग्नघरात दिसते. आणि तरीही असे का होते, याचा विचार सहसा कोणी करीत नाही. मीही केला नव्हता. तो करण्याची वेळ माझ्यावर आली ती आमच्या गल्लीतील बायकांच्या बचत गटामुळे.

श्रीपूर हे ऊस आणि साखर कारखान्याचे गाव. हंगाम संपला की बायकांच्या हाताला काम नसते. म्हणून गटाने घरी साबण करून पाहण्याचे ठरविले. यासाठी ग्लिसरीनचा तयार सोप बेस मिळतो. त्याचे तुकडे करून ते वितळवायचे, त्यात रंग व सुवास मिसळायचा आणि साच्यात ओतायचे. कॉस्टिक सोडा हाताळावा लागत नाही, म्हणून काम सोपे वाटते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. साहजिकच पाकिटावरचे वाचून सांगण्याचे काम माझ्याकडे आले. मी कला शाखेची. रसायनशास्त्र दहावीनंतर सुटलेले. पण “शिकलेली पोर आहे, तिला इचारा,” असे म्हटल्यावर नाही कसे म्हणणार?

पहिले दोन्ही घाणे फसले. हळदीचा साबण सोनेरी होण्याऐवजी विटकरी झाला. खाण्याचा लाल रंग घालून केलेल्या लाल-पांढऱ्या थरांच्या वड्या आठ दिवसांत सगळ्याच गुलाबी झाल्या. गटाचे पैसे पाण्यात गेले. तेव्हा मी ग्रंथालयात बसले, आमच्या कॉलेजच्या सरांना विचारले, आणि जे हाती लागले ते येथे मांडत आहे. रंग निवडताना त्याची चार ठिकाणी परीक्षा घ्यावी लागते : क्षारात, पाण्यात, उन्हात आणि अंगावर.

१. क्षारातील परीक्षा. साबण हा जात्याच क्षारधर्मी असतो. हळदीतील पिवळे द्रव्य क्षाराच्या संगतीत तांबडे होते. हळदीत चुना कालवला की लाल रंग येतो तो यामुळेच. जवळच्या पंढरपूरचे कुंकू प्रसिद्ध आहे. हळकुंडांना लिंबाचा रस व टाकणखार देऊन लाल कुंकू करण्याची जुनी रीत आहे. तिथली क्रिया थोडी वेगळी, पण धडा तोच : सोबत बदलली की हळदीचा रंग बदलतो. बीट आणि जास्वंद यांचे लाल रंगही साबणात टिकत नाहीत. ते मळकट होतात. रतनजोत तेलात लाल दिसते, साबणात जांभळी-निळी होते. म्हणून वाटीतला रंग पाहून साबणाचा रंग ठरवू नये.

२. पाण्यातील परीक्षा. चादर घेताना जाणती बाई ओल्या रुमालाचे टोक घासून पाहते. साबणालाही तीच कसोटी लावावी. खाण्याचे रंग पाण्यात विरघळतात. सोप बेसमध्ये पाणी असते, शिवाय ग्लिसरीन हवेतील ओलावा ओढून घेते. त्या ओलाव्यातून विरघळलेला रंग शेजारच्या थरात सरकत जातो. आमच्या वड्या गुलाबी झाल्या त्या अशा. याउलट लोहाचे ऑक्साइड, अल्ट्रामरीन नीळ, कोळशाची वस्त्रगाळ पूड हे न विरघळणारे रंग आहेत. ते जागा सोडत नाहीत. अभ्रकाच्या चकाकत्या पुडीही मिळतात. त्यांची चकाकी पारदर्शक बेसमध्ये खुलते, पांढऱ्यात झाकली जाते. मात्र काही पुडींना विरघळणारा रंग चढविलेला असतो, म्हणून पाकिटावरील घटक वाचावेत.

३. उन्हातील परीक्षा. कडुनिंब, पालक यांच्या पुडीचा हिरवा रंग प्रारंभी मोहक दिसतो; पण उजेडात राहून काही आठवड्यांत तपकिरी होतो. हळदही विटते. लोहाचे ऑक्साइड आणि कोळसा यांचे मात्र ऊन काही बिघडवीत नाही.

४. अंगावरील परीक्षा. ही शेवटची आणि सर्वांत महत्त्वाची. दोन घाणे फसल्यावर शेजारच्या मावशींनी शेंदराची पुडी आणली. त्या म्हणाल्या, “मारुतीला बघ, ऊन-पाऊस खातोय, इटतोय का? ह्योच घाल.” त्यांचे म्हणणे अगदीच अडाणीपणाचे नव्हते. शेंदूर पाण्यात विरघळत नाही, सहजी विटतही नाही. परंतु शेंदूर म्हणजे शिशाचे ऑक्साइड. शिसे शरीरात साठत जाते आणि लहान मुलांच्या मेंदूची वाढ बिघडवते. साबणाचा हात मूल तोंडात घालणारच. मी नको म्हणाले, तेव्हा मावशी रागावल्या. “देवाला चालतंय, मग आपल्याला का नाही? एवढं शिकून तुला शेंदराचं भ्या वाटतं व्हय?” त्या मला लहानपणापासून खेळवलेल्या. उत्तर देताना माझा आवाज कापत होता. पण पुडी मी साबणात पडू दिली नाही.

या बाबतीत कायदाही स्पष्ट आहे. रंग येण्यासाठी शिशाची वा आर्सेनिकची संयुगे प्रसाधनात वापरण्यास आपल्या देशात बंदी आहे. प्रसाधनांत चालणाऱ्या रंगांची यादी भारतीय मानक ४७०७ मध्ये दिलेली आहे, आणि अशा रंगांतही शिसे दशलक्ष भागांत २० भागांहून अधिक चालत नाही. म्हणून रांगोळीचे, होळीचे, कापडाचे रंग साबणात घालू नयेत. आणखी एक गोष्ट गटाला ठाऊक नव्हती : विक्रीसाठी अंगाचा साबण करावयाचा तर प्रसाधन नियम, २०२० प्रमाणे परवाना लागतो. तोवर साबण घरच्यापुरताच.

मग लाल रंग आणावा कोठून? भिंतीला लावतो तो गेरू लाल असतो तो लोहाच्या ऑक्साइडमुळे. खाणीतील गेरूत इतर धातू मिसळलेले असू शकतात, म्हणून तो नको. पण प्रसाधनासाठी शुद्ध केलेले तेच ऑक्साइड चालते. चिमूटभर पूड थोड्या ग्लिसरीनमध्ये घोटून गाठी मोडाव्यात. बेस उकळत्या पाण्यावर भांडे ठेवून वितळवावा. तो स्वतः उकळू देऊ नये. रंग मिसळून किंचित निवल्यावर, दाट होऊ लागताच ओतावा, म्हणजे पूड तळाशी बसत नाही. आधी शंभर ग्रॅमचाच घाणा करावा. अर्धी वडी खिडकीत, अर्धी कपाटात पंधरा दिवस ठेवून ताडून पाहावी, आणि फेस पांढऱ्या फडक्यावर घासावा. फडके रंगले तर रंगाचे प्रमाण कमी करावे.

आमच्या वड्या शेंदरासारख्या भडक झाल्या नाहीत. जुन्या विटेसारख्या झाल्या. मावशींनी एक वडी उचलून उन्हात धरली, ओल्या पदराला घासली आणि म्हणाल्या, “त्या शेंदराचं कुठं लिवलंय ते वाच बरं मोठ्यांदा.” मी पुस्तकातला तो भाग सगळ्यांसमोर वाचून दाखवला. मावशींना वाचता येत नाही, पण त्यांनी दोन वेळा वाचायला लावले. दुसऱ्या दिवशी नातवाच्या हाती लागू नये म्हणून त्यांनी घरातली पुडी उंच फळीवर ठेवली.

माझ्या दोन वर्षांच्या शिक्षणाची एवढी मोठी परीक्षा दुसरी कोणी घेतली नव्हती.

— द्वितीय वर्ष, कला