थोरलीपुढचा तो शब्द

मनू,

काल तुझ्या काकाचा फोन होता. जत्रेला भावकी जमेल तेव्हा वाटायला तू वंशावळ छापायला टाकलीस, हे त्यानं कौतुकानंच सांगितलं. पुढे सहज म्हणाला, थोरल्या आजीपुढे ‘निपुत्रिक’ लिहिलंय. तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. कागद छापखान्यात गेला असेल तर आधी परत आण, मग हे पत्र पुढे वाच.

तू मोडी शिकलीस. तहसीलच्या रेकॉर्डरूममध्ये कुणबी नोंदी शोधणाऱ्यांची रीघ लागलेली, सगळे आपापल्या खापरपणजोबाच्या मागे, आणि तू एकटी एका बाईच्या मागे. म्हणूनच जास्त लागलं. कोतवाल बुकाची नक्कल दिवाळीत तूच मला वाचून दाखवलीस ना? साल 1918, माझ्या आजोबांचं नाव, ‘मुलगा, वय सहा महिने’, मृत्यूचं कारण ताप. ते मानमोडीच्या साथीचं साल. धाकटी आजी घरात आली ती त्यानंतर चार वर्षांनी. मग तो मुलगा कुणाचा? त्या ओळीत बाप आहे, आई नाही, म्हणून तू त्याला कुणाच्याच पदरात घातलं नाहीस. एवढी शिकलेली पोर, सालाकडे बघायचं नाही?

आणि निपुत्रिक म्हणजे काय गं? धाकटीची चारही मुलं थोरलीनं न्हाऊमाखू घातली. माझे वडील, म्हणजे तुझे आजोबा, तिलाच ‘आई’ म्हणायचे, जन्म दिला तिला ‘बाई’. 1958 चा फेरफार काढून बघ. माझे आजोबा गेल्यावर वारस म्हणून दोघी विधवांची नावं लागलीत. 1956 च्या वारसा कायद्यानं दोघींना मिळून एकच हिस्सा. तलाठ्यानं ते समजावलं तेव्हा थोरली म्हणाली, “ताट एकच हुतं, आता रानबी एकच.” मी आठ वर्षांची होते, पण ते ऐकलेलं आहे. तो शब्द खोड, मनू.

माण तालुक्यातल्या गावांच्या बुकांत थोरली, म्हणजे भागीरथी, जन्माच्या नोंदीत सापडत नाही म्हणतेस. कशी सापडेल? भागीरथी हे ताटातल्या तांदळात काढलेलं, सासरचं नाव. माहेरी ती ठकू. आणि बारशाआधीच नोंद झाली असेल तर नुसतं ‘मुलगी’ एवढंच. शोधायला बापाचं नाव हवं, गाव हवं.

गाव माझ्याकडे होतं.

मी मॅट्रिकला होते. थोरलीनं कार्ड आणवून माझ्यापुढे ठेवलं. “भावाला लिही, एकदा येऊन जा म्हणावं.” गाव सांगितलं, भावाचं नाव सांगितलं. मी म्हटलं, परीक्षा होऊ दे. परीक्षा झाली, सुट्टी संपत आली. तिनं परत विचारलं, तेव्हा मी कंटाळून म्हणाले, टाकलं कार्ड. त्यानंतर पोस्टमनची सायकल वाजली की ती उंबऱ्यात येऊन उभी राहायची. त्या कार्डावर मी बीजगणिताची उदाहरणं सोडवली होती. चार वर्षांनी ती गेली. गावाचं नाव आठवायला मी आजही पहाटेची जागी पडते. ओठावर येतं आणि जातं.

तेव्हा एवढं बोलले ते सगळंच तुझ्यावर नाही.

एक जागा उरते. 1956 च्या सिंहस्थाला आजोबा दोघींना नाशिकला घेऊन गेले होते. तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत गावावरून, आडनावावरून आपलं पान निघतं. बरोबर आलेल्या माणसांचीही नावं लिहितात. तिच्या आईबापाचं नाव तिनं सांगितलं असेल तर तिथेच. मी येते तुझ्याबरोबर. गुडघे कुरकुरतात, पण एसटीत बसायला काय होतंय! नाही निघालं काही तर रामकुंडावर दोघी बसू आणि परत येऊ.

वंशावळीत लिही, भागीरथी, माहेरची ठकू. तिच्याखाली एक रेघ ओढ आणि पुढे लिही, मुलगा, 1918. त्याचं नाव ती कधी बोलली नाही, तेव्हा जागा कोरी ठेव.

रेकॉर्डरूममध्ये तोंडाला फडकं बांधत जा, तुला लगेच खोकला होतो. डबा नेतेस ना? वहिनीला सांगू नकोस मी विचारलं म्हणून. आणि येशील तेव्हा ती नक्कल घेऊन ये. ती ओळ मला परत एकदा वाचून दाखव.

तुझी,
आत्या