आठवड्याचा एक तास: पेण-रोह्यातील विद्यार्थी आणि आंतरराष्ट्रीय युवा पुरस्कार

गुणपत्रिकेखेरीज मुलाच्या हाती आणखी काय असावे, या प्रश्नाच्या उत्तरादाखल ज्या उपक्रमांची नावे पालकांच्या कानांवर पडतात, त्यांत ‘ड्यूक ऑफ एडिंबरा आंतरराष्ट्रीय पुरस्कार’ हे एक नाव आहे. ब्रिटनमध्ये १९५६ साली प्रिन्स फिलिप यांनी सुरू केलेल्या या कार्यक्रमामागे जर्मन शिक्षणतज्ज्ञ कुर्ट हान यांचे विचार होते, आणि १९५३ च्या यशस्वी एव्हरेस्ट मोहिमेचे नेते जॉन हंट हे त्याचे पहिले संचालक होते. भारतात तो ‘इंटरनॅशनल अवॉर्ड फॉर यंग पीपल’ या नावाने ओळखला जातो. पुरस्कार म्हटला तरी ही स्पर्धा नव्हे, कारण येथे क्रमांक काढले जात नाहीत. विद्यार्थ्याने स्वतः ठरवलेले उद्दिष्ट नेमलेल्या मुदतीत सातत्याने पूर्ण केले की नाही, एवढेच पाहिले जाते.

कार्यक्रमाच्या कांस्य, रौप्य व सुवर्ण अशा तीन पायऱ्या असून त्यांत प्रवेशासाठी अनुक्रमे १४, १५ व १६ वर्षे पूर्ण असावी लागतात. प्रत्येक पायरीवर स्वयंसेवा, कौशल्य, शारीरिक व्यायाम आणि साहसी प्रवास असे चार विभाग असतात, तर सुवर्ण पायरीवर अनोळखी सहकाऱ्यांसोबत घराबाहेर राहून करावयाच्या निवासी प्रकल्पाची भर पडते. कांस्यासाठी पहिल्या तीन विभागांना प्रत्येकी किमान तीन महिने आणि त्यांपैकी एकाला आणखी तीन महिने द्यावे लागतात, मात्र वेळेचे माप आठवड्याला सरासरी एक तास इतकेच आहे. पालकांनी विशेष ध्यानात घ्यावी अशी बाब म्हणजे वयाची वरची मर्यादा २५ वर्षांची आहे. त्यामुळे नववीत कांस्य पूर्ण करून दहावीच्या वर्षात विश्रांती घेणे, रौप्य पायरी बोर्डाच्या परीक्षेनंतर हाती घेणे आणि सुवर्ण पायरी बारावी व प्रवेशपरीक्षा आटोपल्यावर पदवीच्या वर्षांसाठी राखून ठेवणे, हा क्रम सर्वांत शहाणपणाचा ठरतो; अकरावी-बारावीतच सुवर्ण पदरात पडावे या हट्टाने अभ्यास आणि उपक्रम दोहोंची ओढाताण होते.

स्वयंसेवा आणि कौशल्य यांतील सीमारेषा पेणमध्ये विशेष नीट समजून घ्यावी लागते. पेण, हमरापूर व जोहे येथील गणेशमूर्तींच्या कारखान्यांत शाडू मळणे, साच्यातून मूर्ती काढणे, रंगकाम आणि सरतेशेवटी डोळ्यांची आखणी ही कामे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहेत, आणि एखाद्या जाणत्या कारागिराकडे आठवड्यातून एकदा जाऊन शाडूकाम शिकणे हा कौशल्य विभागाचा अस्सल विषय होऊ शकतो. परंतु त्याच कारखान्यात हंगामाच्या गर्दीत मालकाच्या मूर्ती रंगवून देणे ही स्वयंसेवा ठरत नाही, कारण स्वयंसेवेचा लाभ एखाद्या व्यवसायाच्या नफ्याला नव्हे, तर समाजाला व्हावा लागतो. आणि शिकण्याच्या नावाखाली मुलाला बिनपगारी राबवून घेतले जात असेल, तर ते कौशल्यशिक्षणही नव्हे. शिकवणारी व साक्ष देणारी व्यक्ती विषयातील जाणकार असावी आणि घरातील नसावी, म्हणजे आईवडिलांच्या सहीवर भागत नाही. स्वयंसेवेसाठी मात्र या परिसरात विषयांची वाण नाही: पेणच्या खारेपाटात खाडीकाठच्या कांदळवनांतील प्लॅस्टिक गोळा करणे, विसर्जनाच्या काळात निर्माल्य वेगळे करणे, ठाकूर व कातकरी वाड्यांवरील मुलांना वाचनाचा सराव देणे, यांपैकी एकच काम निवडून ते महिनोन्‌महिने टिकवणे हे पाच ठिकाणी छायाचित्रापुरते हजर राहण्यापेक्षा कितीतरी मोलाचे आहे. सेवेची ही परंपरा या तालुक्यांना परकी नाही. विनोबा भावे यांचा जन्म १८९५ साली पेण तालुक्यातील गागोद्याचा, आणि पांडुरंगशास्त्री आठवले यांचा १९२० साली रोह्याचा.

व्यायामासाठी गावच्या मंडळातील कबड्डीचा नियमित सराव पुरेसा आहे, आणि त्यासाठी वेगळा खर्च करण्याचे कारण नाही.

पालकांची खरी चिंता साहसी प्रवासाविषयी असते, आणि २०२१ मध्ये महाड तालुक्यातील तळीये व २०२३ मध्ये खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी येथे कोसळलेल्या दरडी पाहिलेल्या जिल्ह्यात ती अनाठायी म्हणता येत नाही. कांस्य पायरीवर हा प्रवास दोन दिवस व एका रात्रीचा असतो. चार ते सात जणांचा गट स्वतः मार्ग आखतो, सामान स्वतः वाहतो, स्वयंपाक स्वतः करतो, आणि मुख्य प्रवासापूर्वी प्रशिक्षण व सराव-प्रवास पूर्ण करतो. प्रशिक्षित पर्यवेक्षक जवळपास असतो, पण तो गटाचे नेतृत्व करत नाही. संकटाची चाहूल लागली तरच मध्ये पडतो. कोलाडजवळ कुंडलिकेत होणारे राफ्टिंग आनंददायक असले, तरी तिकीट काढून काही तासांत संपणारी ती सहल या विभागात मोजली जात नाही, कारण तिथे निर्णय विद्यार्थी घेत नाहीत. उलट रोह्याजवळच्या अवचितगडाच्या दाट रानातील वाट, तेथील बारा कोनांचा तलाव व पाण्याची टाकी यांची नोंद करणे, किंवा पेण तालुक्यातील सांकशीच्या किल्ल्यावरील खोदीव टाक्यांचे नकाशे काढणे, असा हेतू ठरवून केलेला प्रवास या विभागाच्या कल्पनेला तंतोतंत धरून आहे. असा प्रवास नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळातच योजावा; जून ते सप्टेंबरमध्ये कोकणातील डोंगरवाटांवर मुलांचे गट पाठवण्यास पालकांनी निःसंकोच नकार द्यावा. पर्यवेक्षकाचे प्रथमोपचाराचे प्रशिक्षण, आदल्या दिवशी केलेली मार्गाची पाहणी, पायथ्याच्या गावात दिलेली पूर्वसूचना आणि परतीची ठरलेली वेळ, ही माहिती लेखी मागणे हा पालकांचा हक्क आहे, आणि ती देण्यास टाळाटाळ करणाऱ्या आयोजकाकडे मूल सोपवू नये.

या पुरस्काराने नेमके काय मिळते, याबाबत भ्रम नसावा. जेईई, नीट किंवा एमएचटी-सीईटीच्या गुणवत्ता यादीत त्यामुळे एकही गुण वाढत नाही. परदेशी विद्यापीठांच्या किंवा मुलाखत घेणाऱ्या संस्थांच्या अर्जात मात्र त्याचा उपयोग होतो, आणि तोही प्रमाणपत्रापेक्षा अधिक त्यामागील नोंदवहीचा: कोणते काम, किती महिने, कोणाच्या देखरेखीखाली केले आणि त्यात काय चुकले, हे ज्याला तारीखवार सांगता येते, त्याच्या बोलण्याला वजन येते. नोंदी दर आठवड्याला लिहिल्या तरच त्या खऱ्या राहतात. शेवटच्या पंधरवड्यात बसून भरलेली वही मुलाखतीच्या दुसऱ्याच प्रश्नाला उघडी पडते.

या पुरस्कारासाठी नोंदणीकृत केंद्रामार्फतच नाव नोंदवावे लागते, आणि आपली शाळा असे केंद्र नसेल तर निराश होण्याचे कारण नाही, कारण हेच घटक देशी चौकटींतही आहेत. भारत स्काउट्स आणि गाईड्समध्ये प्रवेश व तीन सोपानांनंतर राज्य पुरस्कार आणि राष्ट्रपती पुरस्कार अशी चढती श्रेणी आहे. १९६९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेत, म्हणजेच एनएसएसमध्ये, महाविद्यालयीन विद्यार्थ्याला दोन वर्षांत २४० तासांचे काम व सात दिवसांचे विशेष शिबिर पूर्ण करावे लागते. राष्ट्रीय छात्र सेनेचे, म्हणजेच एनसीसीचे, ‘सी’ प्रमाणपत्र मिळवणाऱ्या पदवीधराला तर सैन्यदलातील अधिकारी भरतीच्या विशेष प्रवेशयोजनेत लेखी परीक्षेविना थेट निवड मंडळाच्या मुलाखतीपर्यंत जाण्याची संधी असते, आणि करिअरच्या निव्वळ हिशेबाने पाहिले तर हा लाभ आंतरराष्ट्रीय पुरस्कारापेक्षाही अधिक ठोस आहे.

म्हणून नववीत जाणाऱ्या मुलाच्या पालकांनी जूनमध्येच मुख्याध्यापकांना भेटून, शाळेत स्काउट-गाईड पथक किंवा एनसीसी आहे का, आणि आंतरराष्ट्रीय पुरस्काराचे नोंदणीकृत केंद्र जवळ कोठे आहे, हे विचारून घ्यावे. काम कोणते करायचे, याची निवड मात्र मुलावर सोपवावी.