मांडलिकाचं राज्य

ठाणे

चि. बाळास,

बँकेच्या डोंबिवलीच्या शाखेचा प्रमुख झालास, आनंद आहे. पण ‘मी नावाचाच साहेब, हुकूम सगळे वरून येतात’ असं आईजवळ म्हणालास म्हणे. तुझ्यासारख्यांनी आपल्या या मुलखावर साडेचारशे वर्षं राज्य केलं. त्यांचं ऐक.

उत्तर कोकणचे शिलाहार हे राष्ट्रकूटांचे मांडलिक. कान्हेरीच्या लेण्यांतल्या त्यांच्या लेखांत सम्राट अमोघवर्षाचा मान आधी, यांचं नाव मागून. पुढे 973 साली तैलप चालुक्यानं राष्ट्रकूटांचं राज्य बुडवलं. त्यानंतरच्या अपराजित शिलाहाराला धन्याचं नाव गाळायला कुणाची आडकाठी नव्हती. तरी 997 साली, भिवंडीजवळचं भादाणे गाव लोणादित्याच्या देवळाला दान देताना, त्यानं ताम्रपटात राष्ट्रकूटांची वंशावळ कोरवली आणि ते राज्य गेल्याची हळहळही नोंदवली. खूश करायला कुणी उरलेलं नव्हतं, म्हणून ती निष्ठा खरी. त्याच ताम्रपटात त्यानं स्वतःलाही भरपूर बिरुदं लावून घेतली! तेव्हा वरच्याचा मान राखलास म्हणून तू लहान होत नाहीस. आणि साहेब बदलला की जुन्याला नावं ठेवायची, हे आपल्या घरात चालत नाही.

अंबरनाथचं शिवमंदिर तर तू लहानपणापासून पाहतोस. तिथल्या शके 982च्या, म्हणजे 1060 सालच्या लेखात मुम्मुणी राजा ‘महामंडलेश्वर’च आहे, सम्राट नाही. पण त्या काळात कोकणावर कोणाकोणाची सत्ता होती हे आज अभ्यासकांनाच ठाऊक. देऊळ सगळ्यांना ठाऊक आहे.

कधी भांडायची वेळ येईलच. सायप्रस बेटावरच्या सालामिसचा ग्रीक राजा इव्हॅगोरस इराणच्या सम्राटाशी सुमारे दहा वर्षं लढला. शेवटी हरला, खंडणी कबूल केली. पण गुलाम धन्याला देतो तशी देणार नाही, राजा राजाला देतो तशी देईन, यावर अडून बसला आणि तेवढं पदरात पाडून घेतलं. पैसा गेला, मान राहिला. तूही रजेच्या अर्जासाठी आणि खुर्चीच्या उंचीसाठी वरच्यांशी वाद घालू नकोस. हाताखालच्या माणसाचा अपमान होत असेल तिथे मात्र एक पाऊल मागे घेऊ नकोस.

व्याजाचा दर तुझ्या हातात नाही, बदल्या नाहीत. पण पेन्शनच्या दिवशी म्हाताऱ्यांना बसायला बाकं टाकणं, नव्या पोरांना काम शिकवणं, आलेल्या तक्रारीला त्याच दिवशी उत्तर देणं, यासाठी वरून परवानगी लागत नाही. एवढं राज्य तुझंच आहे. ते नीट कर. मग हुकमांबद्दल खुशाल कुरकुर कर.

तुझा,
मामा