चौक कोणाचा, शुद्धी कोणाची?



गेल्या वर्षावासात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालू असता नुकतीच दीक्षा घेतलेल्या कुटुंबातील एका उपासिकेने प्रश्न विचारला. ती म्हणाली, “गुरुजी, जयंतीची मिरवणूक मुख्य चौकातून नेण्यावरून दरवर्षी गावात तंटा होतो. पोलीस येतात, पोरांवर केसेस होतात. आपल्याला विहार आहे, विहारापुढे अंगण आहे. मग चौकाचाच हट्ट कशाला?”

तिचा प्रश्न ऐकून दोन तरुण हसले. हसण्यासारखे त्यात काही नव्हते. प्रश्न भित्रेपणाचा नव्हता, आईचा होता. ज्या घराने कालपरवा जुने देव पाण्यात सोडले, त्या घराला असा प्रश्न पडणारच. म्हणून आजचा पाठ त्यावरच घेत आहे.

आपल्या चळवळीचा इतिहास आठवा. आपले प्रश्न बंद खोलीत उभे राहिलेले नाहीत. ते तळ्याच्या काठावर, देवळाच्या दारात, मैदानावर आणि चौकात उभे राहिले. वरकरणी भांडण जागेचे दिसे. खरे भांडण असे की, ‘सार्वजनिक’ म्हणतात त्या जनांत आपली गणती आहे की नाही?

आता ‘सार्वजनिक’ म्हणजे काय, हे आधी समजून घ्या. ४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर सी. के. बोले यांनी मुंबईच्या कायदे कौन्सिलात एक ठराव पास करून घेतला. सरकारी पैशाने बांधलेल्या किंवा चालविलेल्या पाणवठ्यांवर, विहिरींवर, धर्मशाळांत, शाळांत, कचेऱ्यांत आणि दवाखान्यांत अस्पृश्यांना मज्जाव असू नये, असा त्याचा आशय. कसोटी किती साधी आहे पाहा! ती जागा कोणाच्या पैशाने चालते? पट्टी भरणाऱ्यांच्या. पट्टी अस्पृश्य भरतो की नाही? भरतो. मग त्या जागेवर त्याचा पाय का पडू नये? महाड नगरपालिकेने १९२४ साली या ठरावाप्रमाणे चवदार तळे सर्वांना खुले केले. खुले केले ते कागदावर. तीन वर्षे एकही अस्पृश्य तेथे पाणी प्याला नाही; कारण कागदावर उघडलेला दरवाजा माणसाने आत पाऊल टाकल्याशिवाय उघडत नाही.

ते पाऊल २० मार्च १९२७ रोजी पडले. कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेला जमलेले हजारो लोक परमपूज्य बाबासाहेबांच्या मागोमाग शिस्तीने तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. पुढे काय झाले ते आपणास ठाऊक आहे. हे लोक आता वीरेश्वराच्या देवळातही शिरणार, अशी आवई उठविण्यात आली आणि मंडपात जेवणाऱ्या, गावी परत निघालेल्या आपल्या माणसांवर लाठ्या पडल्या. त्या मारहाणीपेक्षाही आज मला त्यानंतरची गोष्ट महत्त्वाची वाटते. सनातन्यांनी तळ्याचे शुद्धीकरण केले! १०८ घागरी पाणी काढून त्यात शेण, गोमूत्र, दूध, दही मिसळले आणि मंत्र म्हणत ते परत तळ्यात ओतले. ज्या तळ्यावर गुरेढोरे बिनदिक्कत पाणी पीत, ते तळे माणसाच्या ओंजळीने बाटले आणि शेणाने शुद्ध झाले. मग त्याच साली ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठरावही मागे घेतला. आधी शेण आणि मागाहून ठराव, हा क्रम ध्यानात ठेवा. शुद्धीचा विधी दिसायला धर्माचा होता, काम मात्र त्याने राजकारणाचे केले.

त्याच वर्षी डिसेंबरात सत्याग्रह परिषद भरवायची ठरली, तेव्हा महाडात आपल्याला सभेपुरती जागा द्यायला कोणी सवर्ण तयार होईना. अखेर फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने आपली जमीन दिली. परिषदेसाठी चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. शेजारी तळे भरलेले आणि पाणी विकत! ज्या मनुस्मृतिदहनाचा आपण अभिमान सांगतो, ते २५ डिसेंबर १९२७ चे दहन सार्वजनिक जागेवर झालेले नाही, ते एका सज्जनाच्या खासगी जमिनीवर झाले. ठराव मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण होते. तळ्यापर्यंतच्या लढ्यात अनंतराव चित्रे आणि महाडच्या नगरपालिकेचे अध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस यांच्यासारखे सवर्ण आपल्या बाजूने उभे होते. हे मुलांना अवश्य सांगा, नाही तर जातीचे भांडण म्हणजे माणसांचे वैर, असा त्यांचा समज होतो.

आता उपासिकेच्या प्रश्नाकडे वळू. बाबासाहेबांनी चौकाचा, तळ्याचा ‘हट्ट’ धरला काय? डिसेंबरच्या परिषदेच्या तोंडावर सनातन्यांनी दिवाणी कोर्टात दावा लावला की, तळे खासगी आहे. १४ डिसेंबरला त्यांना तात्पुरता मनाई हुकूम मिळाला. मंडपात हजारो माणसे सत्याग्रहाची शपथ घ्यायला तयार बसली होती. त्या माणसांची समजूत घालून बाबासाहेबांनी सत्याग्रह तहकूब ठेवला, शांततेने मिरवणूक काढली आणि लोकांना घरी पाठविले. काठापर्यंत नेलेला जमाव परत फिरविणे हे जमाव पुढे नेण्यापेक्षा कठीण काम आहे. आजच्या पुढाऱ्यांनी याचा विचार करावा.

मग लढा कोर्टात गेला आणि दहा वर्षे चालला. महाडच्या कोर्टात आपण जिंकलो, ठाण्याला अपिलात जिंकलो आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टानेही सनातन्यांचे अपील फेटाळले. त्यांचे म्हणणे होते की, अस्पृश्यांनी या तळ्यावर न येण्याची रूढी अनादी काळापासून चालत आली आहे. कोर्टाने पुरावा पाहिला आणि अशी रूढी सिद्ध झाली नाही, असा निर्णय दिला. रूढी सिद्धच न झाल्याने ती न्यायाची की अन्यायाची, याचा निवाडा करण्याची कोर्टाला गरज उरली नाही. तो निवाडा पुढे संविधानाने केला. कलम १५ मध्ये विहिरी, तळी, घाट, रस्ते आणि सार्वजनिक वावराच्या जागा यांची नावे घेऊन मज्जाव बंद केला आहे. बोले यांचा ठराव आणि हे कलम शेजारी ठेवून वाचा. सरकारी पैशावर चाललेली जागा, हीच खूण दोन्हीकडे सापडेल. संविधानाने तिला सर्वसामान्य जनतेसाठी अर्पण केलेल्या जागांचीही जोड दिली.

शुद्धीचे भूत मात्र मेले नाही.

१९८७ साली महाराष्ट्र शासनाने बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांचा चौथा खंड प्रसिद्ध केला. ‘रिडल्स इन हिंदुइझम’ हा ग्रंथ त्यात होता. राम आणि कृष्ण यांच्यावरील परिशिष्टावरून गदारोळ झाला, खंडाच्या प्रती जाळण्यात आल्या, ते परिशिष्ट गाळण्याच्या गोष्टी सुरू झाल्या. तेव्हा ५ फेब्रुवारी १९८८ रोजी मुंबईत आपल्या समाजाचा लाखोंचा मोर्चा निघाला. त्यानंतर हुतात्मा चौकात काय घडले? मोर्चेकऱ्यांनी स्मारक विटाळले, असा आरोप करून शिवसेनेच्या लोकांनी त्या चौकाचे शुद्धीकरण केले. महाडनंतर एकसष्ट वर्षांनी, मुंबईच्या मध्यावर, विजेच्या दिव्यांखाली!

ज्या हुतात्म्यांचे ते स्मारक, ते संयुक्त महाराष्ट्रासाठी गोळ्या खाऊन मेले. त्या लढ्यात आपला शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशन पक्षही समितीबरोबर होता. कर्मवीर दादासाहेब गायकवाड त्यात पुढे होते. म्हणजे तो चौक आपलाही होता. आपल्याच अंगणात आपला पाय पडला म्हणून कोणी अंगण धुवावे, असा हा प्रकार. अखेर खंड परिशिष्टासह कायम राहिला. त्यातील मतांशी शासन सहमत असेलच असे नाही, अशा अर्थाची टीप तेवढी जोडली गेली. ग्रंथ लोकांच्या हाती राहिला तो रस्त्यावर आलेल्या माणसांमुळे, हे विसरता येणार नाही.

आता धम्म याविषयी काय सांगतो? थेरीगाथेत पुण्णिका नावाच्या थेरीची हकिकत आहे. ती पूर्वी दासी होती, पाणी भरणे हे तिचे काम. कडाक्याच्या थंडीत नदीत उतरून कुडकुडणारा एक ब्राह्मण तिने पाहिला. तिने विचारले, बाबा, मी मालकिणीच्या भयाने पाण्यात उतरते, तुम्ही कोणाच्या भयाने? तो म्हणाला, पाप धुण्यासाठी. त्यावर या पाणक्या बाईने जो युक्तिवाद केला तो आजही कोणत्याही चौकात करावा असा आहे. पाण्याने पाप जात असेल तर बेडूक, कासवे आणि सुसरी सर्वांच्या आधी स्वर्गात गेल्या असत्या. चोर आणि खाटीकही बुडी मारून सुटले असते. आणि नदी पाप वाहून नेत असेल तर पुण्य तरी मागे कशाला ठेवील? ब्राह्मण निरुत्तर झाला आणि बुद्धाला शरण गेला. हा वाद कोठे झाला? नदीच्या घाटावर, उघड्यावर. दासीने ब्राह्मणाला सार्वजनिक जागी प्रश्न विचारला आणि त्याने तो ऐकला.

भगवंतांच्या काळी अशा वादासाठी मुद्दाम जागाही असत. श्रावस्तीला मल्लिका राणीच्या उद्यानात एक शाळा होती. तेथे वेगवेगळ्या पंथांचे परिव्राजक आपली मते मांडीत. पोट्ठपादाशी भगवंतांचा संवाद तेथेच झाला. शाक्यांचे, मल्लांचे संथागार म्हणजे गणाची सभागृहे. नवे संथागार बांधून झाले की पहिला वापर भगवंतांनी करावा, अशी विनंती ते करीत. आपला धम्म कोपऱ्यात वाढलेला नाही. मात्र वज्जींविषयी भगवंतांनी काय सांगितले तेही लक्षात घ्या: ते वारंवार एकत्र जमतात, एकदिलाने जमतात आणि एकदिलाने उठतात, तोवर त्यांची हानी होणार नाही.

हे मी मुद्दाम सांगतो, कारण जागेचे वाद नेहमी परक्यांशीच होतात असे नाही. नागपूरच्या व्हॅक्सिन इन्स्टिट्यूटच्या मोकळ्या जागेवर १४ ऑक्टोबर १९५६ ला धम्मक्रांती झाली. तेव्हाही जागेवरून चर्चा झाली. संघाचे केंद्र तेथे म्हणून नागपूर निवडले काय, असे विचारले गेले. दुसऱ्या दिवशीच्या भाषणात बाबासाहेबांनी ते साफ नाकारले. धम्माचा प्रसार करणाऱ्या नाग लोकांची ही भूमी म्हणून ती निवडली, कोणाला डिवचायला आपल्याजवळ वेळ नाही, असा त्यांचा खुलासा होता. त्याच दीक्षाभूमीवर १ जुलै २०२४ रोजी काय झाले? भूमिगत वाहनतळाच्या कामामुळे स्तूपाला धोका पोहोचेल, या भीतीने हजारो लोक जमले, कामाची मोडतोड झाली, सामान जाळले गेले आणि सरकारला काम थांबवावे लागले. लोकांची भीती मला खोटी वाटत नाही. पण जागा ज्यांच्या ताब्यात त्यांनी खड्डा खणण्याआधी लोकांना बोलावून नकाशा दाखविला असता तर ही वेळ आली नसती. आणि जाळपोळीचे समर्थन मी महाड वाचलेला माणूस म्हणून करू शकत नाही.

आता घरातली गोष्ट. रागावू नका. दीक्षा घेतलेल्या काही घरांत फळीवर गंगाजळाचा गडू अजून आहे. सुतक फिटले की कोणी हळूच घरात गोमूत्र शिंपडते. ‘आजीच्या समाधानासाठी’, असे सांगतात. आजीला दुखवू नका. पण तिच्याशेजारी बसून महाडच्या १०८ घागरींची गोष्ट तिला सांगा. तिच्या सासरच्या माणसांनी त्या तळ्याचे पाणी कधी प्याले होते काय, हेही विचारा. आमच्याकडे एका आजीने ही गोष्ट ऐकून गडू स्वतःच रिकामा केला, तुळशीत नव्हे, मिरचीच्या वाफ्यात.

राहिला मिरवणुकीचा मार्ग. त्या उपासिकेला मी सांगितले ते असे: मार्ग ठरवायला बायकांनी बैठकीला बसावे, कारण केसेस झाल्या तर कोर्टाचे हेलपाटे त्यांच्याच वाट्याला येतात. परवानगीचा अर्ज महिनाभर आधी द्यावा आणि पोचपावती जपावी. चौकाची जागा ग्रामपंचायतीची आहे, रस्ता कोणत्या खात्याचा आहे, याचे उतारे काढून ठेवावेत. शांततेने व शस्त्राविना एकत्र येण्याचा हक्क देणारे १९ वे कलम पाठ असावे. मशिदीपुढे, देवळापुढे वाद्ये थांबवावीत. दारू प्यालेल्या मुलाला मिरवणुकीतून त्याच्या आईने हाताला धरून बाहेर काढावे. चौकात पोहोचल्यावर त्रिशरण-पंचशील म्हणावे, एकाने दहा मिनिटे बोलावे आणि पुढे निघावे.

तिने विचारले, “आणि लेखी मनाई आली तर?” मी म्हणालो, तर मंडपात बसायचे, वकील गाठायचा आणि पुढच्या वर्षीच्या तारखेचा अर्ज त्याच दिवशी द्यायचा. तिने तो अर्ज स्वतःच्या हाताने लिहिला. या पौर्णिमेला येताना आपणही आपल्या गावच्या चौकाचा उतारा घेऊन या. वाचन संपल्यावर सगळे मिळून पाहू.